तोडणाऱ्याचा मालक कोण?

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊ लागतात. पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते, ताडपत्री, भांडी, शेळी, कोंबड्या आणि पोरे गाडीत चढतात. वर्षाचा मोठा सण ज्या आठवड्यांत येतो, त्याच आठवड्यांत गावे रिकामी होतात. मागे म्हातारी माणसे आणि कुलपे राहतात. बीडबरोबर अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, नाशिक, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतूनही माणसे निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि पुढे कर्नाटकापर्यंतचे उसाचे फड त्यांची वाट पाहत असतात.

गाडी दसऱ्यानंतर येते, पण व्यवहार त्याच्या तीन-चार महिने आधी झालेला असतो. जून-जुलैत पेरणीला पैसे लागतात, मुलीचे लग्न ठरलेले असते, दवाखान्याचे बिल थकलेले असते. तेव्हा मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल कोयत्यामागे. आजकाल ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. पैसे हातात पडताना बोलणेही होते. कारखाना अमुक, गाडी वेळेवर लागेल, खोप्यांजवळ पाणी आहे, वजन कारखान्याच्या काट्यावर, हिशेब दर पंधरवड्याला. या बोलण्यातले काहीही कागदावर येत नाही. कागदावर येते ती फक्त घेतलेली रक्कम, तीही बाँडपेपरवर, आणि कित्येकदा कोऱ्या बाँडवर नुसता अंगठा. मजुराने दिलेला शब्द असा लेखी असतो, मजुराला दिलेला शब्द तोंडी.

ऊसतोडीतल्या सगळ्या फसवणुकीचे मूळ या एका गोष्टीत आहे.

फडातला दिवस

ठरलेले काम ऊस तोडण्याचे असते. प्रत्यक्षात काम पहाटे चार-पाचला सुरू होते. बाई त्याआधी उठून भाकरी करते, कारण पुढे दिवसभर चूल पेटणार नसते. फडात पुरुष बुडातून ऊस तोडतो, पाचट काढतो, वाढे छाटतो. बाई मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फडाबाहेर आणते. ट्रक लागला, की त्याला टेकवलेल्या फळीवरून एकेक मोळी वर चढवायची. पावसाने किंवा पाटाच्या पाण्याने रान ओले असेल तर फळी निसरडी होते. याच फळीवरून पडून दरवर्षी माणसे जायबंदी होतात.

गाडी दुपारी येईल असे सांगितलेले असते, ती रात्री दोनला येते. कारखान्यावर रांग असते, ड्रायव्हर वाटेत थांबतो, कधी ट्रॅक्टर चिखलात रुततो. गाडी येईल तेव्हा भरावीच लागते. वाट पाहण्यात गेलेल्या तासांची मजुरी नाही, रुतलेली गाडी काढण्याची नाही, एका गावातला ऊस संपला म्हणून खोपी मोडून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी जाण्यात मोडलेल्या दिवसाचीही नाही. मजुरी फक्त काट्यावर उतरलेल्या टनाची.

हे वजन मजूर पाहत नाही. गाडी काट्यावर जाते तेव्हा तो पुढच्या फडात असतो. काट्याची पावती वाहतूकदाराकडे जाते, तिथून आकडा मुकादमाच्या वहीत येतो आणि वहीतला आकडा तोंडी कोयत्याला सांगितला जातो. एका गाडीत पाच-सहा कोयत्यांचा ऊस असेल तर वाटणी मुकादमच करतो. प्रत्येक पायरीवर आकडा थोडा झिजू शकतो, आणि झिजला तरी ते सिद्ध करण्याचे साधन मजुराकडे नसते.

एकशे वीस दिवसांचा हिशेब

जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यात करार झाला. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. टनाला सुमारे 273 रुपये मिळत होते, ते साधारण 366 झाले. मुकादमाचे कमिशनही वाढून 20 टक्क्यांवर गेले. वाढ मोठी होती आणि ती संघटनांच्या लढ्यातून आली, हे नाकारण्याचे कारण नाही.

आता हा दर उदाहरणादाखल एका कोयत्याला लावून पाहू. जोडी तब्येतीने धडधाकट आहे, दिवसाला दोन टन तोडते आणि हंगामात तोडीचे 120 दिवस भरतात असे धरू. ऊस झाला 240 टन. 366 च्या दराने मजुरी 87,840 रुपये. उचल घेतली होती एक लाख. आठवड्याच्या बाजाराला मुकादम खर्ची देतो, ती हजार रुपयांप्रमाणे अठरा आठवड्यांची अठरा हजार. मूल तापाने फणफणले, बाईच्या पोटात दुखले, गावी मयत झाली, असे आठ खाडे पडले. खाड्याला पाचशे रुपये दंड ही अनेक टोळ्यांत चालत आलेली रीत, म्हणजे चार हजार. मजुराच्या नावावर एकूण 1,22,000. त्यातून मजुरी वजा केली, की पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतताना 34,160 रुपये अंगावर.

यात कुणी काही चोरलेले नाही. व्याज लावलेले नाही, वजनही चोख धरले आहे. काट्यापासून वहीपर्यंतच्या वाटेवर वजन पाच टक्क्यांनी झिजले तर आणखी 4,392 रुपये गेले. 366 रुपये टन म्हणजे दिवसाचे 732, तेही दोन माणसांना मिळून, बारा-चौदा तासांचे. सगळे सरळ चालले तरी जोडी कर्जात परतते, आणि ते कर्ज फेडण्यासाठी पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जाते. या वर्षीची बाकी पुढच्या वर्षीच्या मजुरीची हमी बनते.

खाड्याचा हिशेब तर विशेष पाहण्यासारखा आहे. मजुरी टनावर असल्यामुळे ज्या दिवशी ऊस तोडला नाही त्या दिवशी मजुरी मुळातच नाही. त्यावर पुन्हा पाचशेचा दंड, म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे मजुरानेच भरायचे. या दंडाची धास्ती बायकांच्या शरीरापर्यंत पोचली. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या 2019 मध्ये आल्या, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. खासगी दवाखान्यांचा लोभ होता, कॅन्सरची घातलेली भीती होती, फडात संडास-पाण्याची सोय नव्हती. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हेही त्यातले एक होते. आणि एवढे करून मजुरी तिच्या हातात येत नाही. कोयता दोघांचा असला तरी वहीत नाव नवऱ्याचे.

माझा माणूस नव्हे

आता शब्द मोडला म्हणून दाद मागायची, तर ती कुणाकडे? शेतकऱ्याकडे जावे तर तो म्हणतो, तोडणीचे पैसे माझ्या उसाच्या बिलातून कारखान्याने आधीच कापले. ते खरे असते. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरवली; शेतकऱ्याच्या हातात पडते ती त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा जाऊन. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी, मजूर आमचे नाहीत. वाहतूकदार म्हणतो, मी मुकादमाला पैसे मोजले. मुकादम वही उघडतो आणि विचारतो, तुझ्या अंगावर किती आहेत माहीत आहे ना?

साखळीतल्या प्रत्येकाकडे वरच्याकडून आलेले पैसे आहेत आणि खालच्यावर लिहिलेली बाकी आहे. सगळ्यात खालच्याच्या खाली कुणी नाही.

मुकादमाला खलनायक ठरवून विषय संपवणे सोपे आहे. पण बरेच मुकादम कालचे कोयतेवालेच असतात. दहा कोयत्यांची टोळी असेल तर आपल्या उदाहरणातल्या हिशेबाने त्याचे कमिशन होते 1,75,680 रुपये. त्यातले दोन कोयते लाखाची उचल घेऊन दुसऱ्याच टोळीबरोबर निघून गेले, तर हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो बुडतो. वाहतूकदारांना अशा रीतीने गंडा घातल्याच्या तक्रारी पोलीस ठाण्यांत दरवर्षी दाखल होतात, आणि ट्रॅक्टरसाठी जमीन गहाण टाकलेले तरुण वाहतूकदार त्यात देशोधडीला लागतात. शब्द दोन्ही बाजूंनी मोडला जातो. फरक वसुलीत आहे. मजुराने शब्द मोडला तर त्याच्या घरी माणसे येतात, बैल सोडून नेतात, क्वचित माणूसच डांबून ठेवतात. मजुराला दिलेला शब्द मोडला तर कुणाच्याही दारात कुणी जात नाही.

या साखळीतली खरी गंमत करारात आहे. तोडणीचा दर कोण ठरवतो? कारखान्यांचा संघ. कोयता बंद आंदोलन झाले, की चर्चेला कोण बसते? कारखान्यांचे प्रतिनिधी. गोपीनाथ मुंडे हयात असताना ते मजुरांच्या बाजूने आणि शरद पवार कारखान्यांच्या बाजूने लवाद म्हणून बसत आणि दर ठरे. दर ठरवताना जो मालक असतो, तो दर चुकता करताना मालक उरत नाही. लवादाने दर दिला. तो दर शेवटच्या माणसाच्या हातात पडला का, हे पाहणारे कुणी दिले नाही.

चौदा दिवस आणि शून्य दिवस

याच उसावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या माणसाला कायद्याने काय दिले आहे ते पाहा. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर 15 टक्के व्याज. कारखाने ते नेहमी पाळतात असे नाही, पण पाळले नाही तर साखर आयुक्त कारखान्याची मालमत्ता जप्त करण्याचा आदेश काढू शकतात, आणि असे आदेश निघालेले आहेत. शेतकऱ्याच्या पैशाला तारीख आहे, व्याज आहे आणि जबाबदार माणूस आहे. तोच ऊस तोडणाऱ्याच्या पैशाला प्रत्यक्षात यातले काही नाही.

हे असे का झाले याचे उत्तर इतिहासात आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचा मालक ऊस पिकवणारा होता. सहकारातली ती मोठी झेप होती. पण सभासदत्व शेअरवर होते आणि शेअर उसावर. तोडणारा बाहेरून आला आणि बाहेरचाच राहिला. दक्षिण गुजरातेत बार्डोलीच्या पट्ट्यातही हेच झाले. तिथल्या कारखान्यांनी दारातल्या हळपती मजुरांना बाजूला ठेवून आमच्या खानदेशातून टोळ्या नेल्या, हे यान ब्रेमन या डच अभ्यासकाने वर्षानुवर्षे तिथे जाऊन नोंदवले आहे. बाहेरचा मजूर संध्याकाळी घरी जात नाही, रात्री दोनला उठवता येतो, आणि गावात त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसते. दुष्काळी भागातून लांब माणसे आणण्यामागे हा रोकडा हिशेब आहे.

दर कमी पडतो म्हणून मजूर तो दुसऱ्या बाजूने भरून काढतो. फडात कोयता लावण्याआधी शेतकऱ्याकडे खुशाली मागितली जाते, ड्रायव्हर एंट्रीचे पैसे मागतो, वाढे विकली जातात. ऊस वाळत असलेला शेतकरी मुकाट्याने पैसे देतो आणि मजुरांना शिव्या घालतो. कारखान्याने वाचवलेला पैसा शेवटी दोन गरजवंत एकमेकांच्या खिशातून काढतात.

कायदा काय म्हणतो

कायदा नाही अशी तक्रार इथे चालणार नाही. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणे हा गुन्हा ठरवला आणि असे कर्जच रद्द केले. आशियाड स्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लावणे हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम 23 ने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी आहे, असे न्यायालय म्हणाले. भुकेची सक्ती हीही सक्तीच, हा त्यातला विचार.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता या बाबतीत नेमकी आहे. वेतनातून होणारी एकूण कपात निम्म्याहून जास्त असता कामा नये. दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या 3 टक्क्यांपुढे जाता कामा नये आणि तो लावण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. मागणी करायला तीन वर्षांची मुदत आहे. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ज्या आस्थापनेचे काम आहे तिने ते दिले पाहिजे. या फूटपट्टीने मोजले तर सगळी मजुरी उचलीत वळती करणे बसत नाही, पाचशेचा खाडाही बसत नाही.

पण ही फूटपट्टी लावायची तर आधी मजूर कुणाचा तरी कामगार आहे हे कागदावर आले पाहिजे. तोच कागद नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये या मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे असे ठरले आहे. ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रे देण्याची मोहीम झाली, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे निघाली. ही सगळी कामे चांगली आहेत. मात्र ती कल्याणाची कामे आहेत. मजुरी हे कल्याण नव्हे, ते देणे आहे.

हातात काय ठेवावे

तोवर कोयत्याने काय करावे? रोजच्या गाडीचा नंबर, तारीख आणि टोळीतले कोयते घरातल्या शिकलेल्या पोराकडून वहीत लिहून घ्यावेत. गाडी सुटताना आणि पावती येताना मोबाइलवर फोटो काढावा. उचल शक्यतो बँक खात्यावर घ्यावी, निदान मुकादमाला मेसेज पाठवून रक्कम, दर आणि कारखान्याचे नाव लेखी यावे असे करावे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. ओळखपत्र गावातच करून घ्यावे. तक्रार एकट्याने करू नये, सगळ्या टोळीने सह्या कराव्यात. एकटा कोयता कटकट्या ठरतो, दहा कोयते निघून गेले तर फड उभा राहतो. माणूस अडवून ठेवला असेल तर तो देण्याघेण्याचा तंटा राहत नाही. तो फौजदारी गुन्हा आहे, आणि जिल्हाधिकारी, प्रांत व दक्षता समिती यांना त्यात हात घालावाच लागतो. बायका आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मजुरांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक 15100 आहे.

हे सगळे करूनही मजुराच्या सावधपणावर सगळा भार टाकणे अन्यायाचे आहे. अंधारात उठून रात्री दोनला गाडी भरणाऱ्या माणसाने पुरावेही गोळा करावेत, ही अपेक्षा व्यवस्थेने करू नये.

उपाय महाराष्ट्राच्याच खिशात आहे. हमालांचेही एकेकाळी असेच होते. व्यापारी म्हणे हमाल माझा नाही, वाहतूकदार म्हणे माझा नाही. अण्णासाहेब पाटील मुंबईत आणि बाबा आढाव पुण्यात लढले आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. मंडळाकडे मालकाची नोंद, कामगाराची नोंद. मजुरी आणि लेव्ही मालकाने मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची. मालक कोण हा वादच उरला नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे पुढे निघाले, हेही खरे, आणि ऊसतोडीचे मंडळ करताना ते ध्यानात ठेवावे लागेल. पण आजी आणि तिचा नातू एकाच मुकादमाच्या वहीत सापडावेत, त्यापेक्षा ते दोष निस्तरणे सोपे आहे.

मंडळ होईपर्यंतही काही गोष्टींसाठी मुंबईतल्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. कारखान्याकडे काटा आहे, संगणक आहे, शेतकऱ्याच्या प्रत्येक खेपेचा एसएमएस बरेच कारखाने पाठवतातच. तोच एसएमएस टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला गेला, मजुरी नवरा-बायकोच्या वेगळ्या खात्यांत निम्मी-निम्मी पडली आणि उचलीची वजावट निम्म्यावर थांबली, तर आजच्या दरातही बऱ्याच तक्रारी जागेवर मिटतील.

हा अंक वाचणाऱ्यांत कारखान्याचे सभासद बरेच असतील. तोडणीचा खर्च तुमच्या बिलातून कापला जातो. तेव्हा तो कुणाच्या हाती पडला हे विचारण्याचा हक्क तुमचाच आहे. पुढच्या वार्षिक सभेत उताऱ्यावर आणि दरावर बोलून झाले, की हात वर करून एवढेच विचारा: आमच्या उसाच्या तोडणीचे पैसे कोणत्या तारखेला, कोणाच्या नावावर जमा झाले? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.